दूरशिक्षणातील परतीची वाट

हैदराबादेतील विद्यानगर ही वस्ती उस्मानिया विद्यापीठाच्या अंगणालगत वसलेली आहे. काचीगुड्याहून सिकंदराबादेकडे निघालेल्या गाडीस विद्यानगर, जामिया उस्मानिया आणि आर्ट्‌स कॉलेज अशी तीन लहान स्थानके पाठोपाठ लागतात. मराठवाड्यातून नांदेड व निजामाबाद ओलांडून काचीगुड्यास येणारा लोहमार्गही येथूनच जातो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. तोपर्यंत तेथील मराठी मुलाला पदवीचा मार्ग याच रुळांवरून शोधावा लागे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषा उर्दू होती. म्हणजे परभणीच्या विद्यार्थ्यास प्रथम शेकडो मैलांचे अंतर तोडावे लागे, आणि वर्गात बसल्यावर दुसरे, भाषेचे अंतर तोडावे लागे. हे दुसरे अंतर कोणत्याही रेल्वेने कमी होत नव्हते.

दूरशिक्षणाचा विचार करताना आम्हांस हे दुसरे अंतर नेहमी आठवते. विद्यार्थी दूर आहे याचा अर्थ तो किती कोसांवर राहतो एवढाच नाही. त्याला पडलेला प्रश्न शिक्षकापर्यंत पोचावयास किती काळ लागतो, आणि पोचतो की नाही, हे खरे अंतर होय. आज संवादी तंत्रज्ञानाचा मोठा बोलबाला आहे. पडदा, ध्वनी, लेखन, चाचणी, सर्व काही एका हातात मावेल अशा यंत्रात आले आहे. परंतु शिकविणाऱ्याचा आवाज दूर नेण्याचे काम पूर्वीची साधनेही करीत होती. शिकणाऱ्याचा आवाज माघारी आणण्याचे काम कोणत्या साधनाने किती केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तो हैदराबाद आणि महाराष्ट्र यांच्या अनुभवाच्या आधारे विचारणार आहोत.

या विषयाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा आयझॅक पिटमन यांच्यापासून करतात. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली, आणि पिटमन यांनी आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवी, पिटमन तो तपासून पुन्हा टपालात टाकीत. धडा जाणे आणि उत्तर येणे ही दोन्ही कामे एकाच तिकिटाच्या किमतीत होत होती. शिकविणारा व शिकणारा यांना एकच साधन सारख्याच हक्काने वापरता येत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढील शंभर वर्षांत जी साधने आली त्यांत ही समानता उरली नाही.

आमच्या वाचकांस याहून जुने उदाहरण ठाऊकच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सातव्या अध्यायापासून प्रेषित पौल तेथील मंडळीने लिहून विचारलेल्या प्रश्नांकडे वळतो. विवाह, मूर्तीला वाहिलेले अन्न, आत्मिक दाने असे विषय त्यामुळे येतात. वस्तुतः पत्राचा मोठा भाग हा दुसऱ्या एका पत्राला दिलेला प्रतिसाद आहे. ते दुसरे पत्र मात्र आज आपल्यापाशी नाही. शिक्षकाचे उत्तर दोन हजार वर्षे जपले गेले, शिष्यांचे प्रश्न हरवले, आणि आता भाष्यकार उत्तरावरून प्रश्नांचा तर्क करीत बसतात. दूरशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेचे दप्तर उघडून पाहिले तरी साधारण हाच प्रकार आढळतो. पुस्तके, ध्वनिफिती, चित्रफिती कपाटात असतात. विद्यार्थ्यांनी काय विचारले याची नोंद कोणी ठेवलेली नसते.

स्वतंत्र भारतात विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाची सुरुवात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने केली. त्याच वर्षी तेथील कुलगुरुपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे आले. महाडजवळील नाते गावी जन्मलेले हे मराठी गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या तेलुगू. लहानपणीच लादलेला विवाह नाकारून, कारावास भोगून त्यांनी शिक्षणाची मोडलेली वाट पुन्हा धरली, आणि मॅट्रिकची परीक्षा दूरच्या बनारस हिंदू विद्यापीठाची दिली. मद्रासेत आपल्यासारख्याच मुलींना त्या परीक्षेसाठी शिकविता शिकविता १९३७ साली त्यांची आंध्र महिला सभा उभी राहिली. परीक्षा घेणारे विद्यापीठ काशीला, विद्यार्थिनी मद्रासेत, आणि मध्ये शंका सोडविणारी एक बाई, अशी ही रचना होती. तिला त्या काळी कोणी दूरशिक्षण म्हटले नाही. पण पुढे अभ्यासकेंद्र म्हणून जे काही निर्माण झाले त्याचे बीज यात स्पष्ट दिसते. त्याच सभेचे दुर्गाबाई देशमुख रुग्णालय आज विद्यानगरात आहे. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात निवर्तल्या आणि चिंतामणरावांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेतच देह ठेवला. देशातील पहिल्या मुक्त विद्यापीठाचा कायदा याच नगरीत त्यापूर्वी सुमारे एक महिना झाला होता. या योगायोगातून आम्ही कोणताही अर्थ काढू इच्छीत नाही. पण हैदराबादच्या मराठी समाजाने तो विसरू नये असे वाटते.

मात्र त्या कायद्याकडे येण्यापूर्वी पुण्याकडे वळणे भाग आहे, कारण आमच्या मते परतीची वाट आपल्याकडे सर्वांत चांगली बांधली गेली ती तेथे, १९५६ साली.

त्या वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचांचा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रेडिओभोवती जमत, ऐकत, चर्चा करीत आणि आपले म्हणणे लिहून पाठवीत. पुण्याच्या प्रयोगात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेडी घेण्यात आली. प्रत्येक गावी पंधरा-वीस माणसांचा मंच, त्यास एक अध्यक्ष व एक निमंत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी त्यावर बोलत. निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त व उरलेले प्रश्न लिहून पुण्यास धाडी. केंद्रात ती पत्रे वाचली जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांतील प्रश्नांस उत्तरे मिळत.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ हे तिचे सूत्रधार होते. त्यांनी मंच असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंच नव्हता, आणि काहींत रेडिओही नव्हता. मंचाच्या गावी लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसत्या रेडिओच्या गावी तिच्याशी तुलना करण्यासारखे काही घडले नाही. १९५९ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या अहवालातील ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. दोन्ही गावांत एकच पेटी, एकच लहरी, एकच निवेदक. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या घटकाभरात, आणि पोस्टाच्या त्या पाकिटात.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ साली दूरशिक्षणातील परस्परसंवादाचे तीन प्रकार सांगितले. विद्यार्थ्याचा पाठ्यविषयाशी होणारा, शिक्षकाशी होणारा आणि सहाध्यायांशी होणारा. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे वर्गीकरण आता रूढ झाले आहे. पुण्याच्या मंचात हे तिन्ही प्रकार मूर यांच्यापूर्वी तेहतीस वर्षे, निरक्षर व साक्षर शेतकरी एका घोंगडीवर बसलेले असताना, चालू होते. यंत्र तेवढे एकमार्गी होते. व्यवस्था एकमार्गी नव्हती. यंत्र आणि व्यवस्था यांतील हा भेद ज्याच्या ध्यानी आला नाही, तो महागडी उपकरणे घेऊन पुन्हा पुन्हा फसतो.

पुढे १९५९ पासून हे मंच देशभर पसरविण्याचा उपक्रम झाला, आणि कालांतराने मावळला. त्याची कारणे अनेक असतील. पण एक साधा हिशेब कोणासही करता येईल. दीडशे गावांची पत्रे एका केंद्रातील चार-सहा माणसे मन लावून वाचू शकतात. हजारो गावांची पत्रे वाचावयास तितक्या पटीने माणसे लागतात. आवाज पसरविण्याचा खर्च श्रोते वाढल्याने वाढत नाही. उत्तर देण्याचा खर्च मात्र प्रत्येक श्रोत्यामागे वाढतो. दूरशिक्षणाच्या साऱ्या इतिहासाची अडचण आमच्या मते या एका वाक्यात आहे, आणि आजवर कोणत्याही यंत्राने ती पुरती दूर केलेली नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रह दूरदर्शनाचा सुप्रसिद्ध प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताच्या उपयोगास आला, आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले. आंध्र प्रदेश हे त्यांतील एक राज्य होते. महाराष्ट्र त्यांत नव्हता. हैदराबादेस कार्यक्रमनिर्मितीचे केंद्र होते, आणि खेड्यांतील संच हैदराबादच्याच इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले होते. जाळीच्या तारांची मोठी तबकडी छपरावर, खाली संच, समोर सारा गाव. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या जात असत, त्यामुळे तेच चित्र तेलुगू व कन्नड अशा दोन भाषांत ऐकविता येई. तंत्राच्या दृष्टीने हा प्रयोग विलक्षण होता. अभ्यासकांनी खेड्यांत मुक्काम करून लोकांवर काय परिणाम झाला हे टिपले. पण तो परिणाम टिपला जात होता संशोधनासाठी. समोर बसलेल्या मुलाने आज विचारलेल्या प्रश्नाला उद्याच्या कार्यक्रमात उत्तर मिळण्याची सोय त्यात नव्हती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, आणि तबकड्यांचे तोंड आकाशाकडेच राहिले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवरून सुरू झाला. पुणे व हैदराबाद येथील माध्यमकेंद्रांचाही त्यात वाटा होता. त्यातले काही कार्यक्रम उत्तम होते, परंतु वर्ग हे नाव त्यास कसे शोभावे, असा प्रश्न तेव्हाही अनेकांच्या मनात आला असेल. ज्यात हात वर करता येत नाही तो कसला वर्ग?

आता १९८२ च्या कायद्याकडे वळू. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ हे भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यापूर्वी उस्मानियाचे कुलगुरू. उस्मानियात १९७७ साली पत्रद्वारा शिक्षणाची संस्था निघाली होती. ती आज त्यांच्याच नावाने चालते. पत्रद्वारा शिक्षणाचा अनुभव या नगरीस होता, आणि त्यातील उणीवही ठाऊक होती. छापील धडे टपालाने जात, पण संवाद क्षीण असे. पिटमन यांच्या काळातील तपासून परत पाठविण्याचा भाग बहुतेक ठिकाणी गळून पडला होता.

नव्या विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही, शाळेचे प्रमाणपत्र नसले तरी, पात्रता परीक्षा देऊन पदवीच्या अभ्यासक्रमास येण्याची मुभा दिली. आणि राज्यभरच्या चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडून तेथे सुट्टीच्या दिवशी संपर्कवर्ग ठेवले. आकाशवाणी व दूरदर्शनवरील पाठही होतेच. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची मूळ कल्पना १९६३ साली आकाशातील विद्यापीठ या नावाने मांडली गेली होती. १९७१ साली तेथे प्रत्यक्ष शिक्षण सुरू झाले तेव्हा भर छापील पुस्तके, शिक्षकाने तपासलेले स्वाध्याय आणि स्थानिक भेटी यांवर आला होता. हैदराबादने हा धडा आधीच घेतलेला होता.

संपर्कवर्ग रविवारी असत, हे आम्हांस धर्मगुरू या नात्याने निराळ्याच प्रकारे समजले. आमच्या मंडळीतील एक मध्यमवयीन परिचारिका, मूळच्या नांदेडकडील, रविवारच्या उपासनेस सलग काही आठवडे दिसल्या नाहीत. आम्ही थोडे रागानेच विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, पुस्तक मला घरी मिळतं. टीव्हीवरचा पाठ ड्यूटीवरसुद्धा दिसतो. पण शंका विचारायला माणूस रविवारीच भेटतो." आम्ही निरुत्तर झालो. उपासनेची वेळ पुढे संध्याकाळी एक अधिक ठेवली गेली, त्यामागे हे एक कारण होते. पुस्तक, पडदा आणि माणूस यांची जी प्रतवारी त्या बाईंनी एका दमात सांगितली, ती आम्हांस अनेक परिसंवादांत ऐकावयास मिळाली नव्हती.

ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणातही हाच अनुभव आहे. १९६३ साली ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विस्ताराद्वारे शिक्षणाची पद्धत सुरू केली. आपापल्या गावी सेवा करणाऱ्या पाळकांना वसतिगृहात आणण्याऐवजी शिक्षकानेच ठरावीक दिवशी त्यांच्याकडे जावे, आणि मधल्या काळात विद्यार्थ्याने स्वाध्यायपुस्तक सोडवावे. १९७१ साली बंगलोर येथे या पद्धतीसाठी भारतीय संस्था निघाली. त्या पुस्तकांची घडण त्या काळच्या क्रमान्वित अध्ययनावर आधारलेली होती. छोटा मजकूर, एक प्रश्न, आणि पुढच्या चौकटीत उत्तर. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५० च्या दशकात याच तत्त्वावर शिकविण्याचे यंत्र केले, आणि १९६० साली इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकयोजना त्याच दिशेने निघाली. आजच्या दूरध्वनीवर जी बहुपर्यायी चाचणी हिरवी-तांबडी खूण करून लगेच निकाल सांगते, ती या घराण्यातली. उत्तर शेजारच्या चौकटीत झाकून ठेवले की विद्यार्थी आधी ते पाहतो, हा मनुष्यस्वभाव मात्र साऱ्या पिढ्यांत सारखाच राहिला.

येथे एक भेद करावासा वाटतो. यंत्राने विचारावे व विद्यार्थ्याने उत्तर द्यावे, हा एक संवाद. विद्यार्थ्याने विचारावे व शिक्षकाने उत्तर द्यावे, हा दुसरा. पहिल्यास आपण सहजपणे संवादी शिक्षण म्हणतो, परंतु त्यात विद्यार्थ्याचा प्रश्न कोठेच नसतो. ज्याला कोणते उत्तर बरोबर हे कळले, पण ते का बरोबर हे कळले नाही, त्याने कोणती कळ दाबावी? विस्तारशिक्षणाच्या जाणत्या शिक्षकांस ही मर्यादा ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी साप्ताहिक भेट कधी सोडली नाही.

१९९० च्या दशकात या दुसऱ्या संवादास तंत्राची जोड मिळाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने दूरपरिषदा भरविण्यास सुरुवात केली. चित्र एकमार्गी, आवाज दुमार्गी. अभ्यासकेंद्रात जमलेले विद्यार्थी पडद्यावर शिक्षक पाहत आणि दूरध्वनीने प्रश्न विचारीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्यांनी मराठीतून शिक्षण घरोघर नेण्याचे जे काम उभे केले, त्यात समंत्रक हा शब्द रुजविला गेला. अभ्यासकेंद्रावर व्याख्यान न देता विद्यार्थ्याच्या शंकांचे निरसन करणारा तो समंत्रक. शब्द जरा जड आहे, पण शिक्षक या शब्दाहून त्याचे काम वेगळे आहे हे तो सांगतो.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठी बनविलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी जी तीन विद्यापीठे निवडली गेली त्यांत नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. उपग्रह जाण्यापूर्वीच इन्सॅट-३बी या उपग्रहावरून हा प्रयोग सुरू झाला होता. आता केंद्रातील विद्यार्थी नुसता ऐकूच येत नव्हता, तर संवादी जोडणीने त्याला स्टुडिओशी थेट बोलता येत होते. परतीची वाट आकाशातून खुली झाली असे वाटावे असाच तो क्षण होता. पण हिशेब करून पाहावा. समजा तीस केंद्रे आहेत, प्रत्येक केंद्रात वीस विद्यार्थी, म्हणजे सहाशे जण. एक तास केवळ प्रश्नोत्तरांस दिला आणि एका प्रश्नास तीन मिनिटे धरली, तर वीस प्रश्न होतात. पाचशे ऐंशी जण गप्प बसून घरी जातात. रस्ता झाला, पण त्यावरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. २०१० साली एज्युसॅटचे कार्य थांबले. नाशिकच्या समंत्रकांचे थांबले नाही.

हैदराबादेच्या सीमेवरील मराठी विद्यार्थ्याची अडचण याहून निराळी आहे. उपग्रहाच्या लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते, विद्यापीठाच्या कायद्यास असते. राज्याच्या मुक्त विद्यापीठाने आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्रे चालवू नयेत असे धोरण आहे. त्यामुळे आदिलाबादकडील मराठी घरातील मुलीस नाशिकचे पुस्तक वाचता येईल, पण मराठीत शंका फेडणारे केंद्र तिच्या तालुक्यात मिळणार नाही. मराठवाड्याच्या त्या जुन्या विद्यार्थ्याचे दुसरे अंतर असे उलट दिशेने परत आले आहे.

२०२० च्या महामारीत सारेच विद्यार्थी एका दिवसात दूरस्थ झाले. तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून शालेय वर्गांचे पाठ दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व राज्याच्या टी-सॅट या वाहिन्यांवरून सुरू झाले. ज्यांच्या घरी दूरध्वनी-संगणक नव्हता त्यांच्यासाठी हा निर्णय योग्यच होता. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगाप्रमाणे मुले पुन्हा एकदा पडद्यासमोर गप्प बसली.

आमची स्वतःची गोष्ट याहून चांगली नाही. त्या वर्षी आम्ही जुन्या कराराच्या भाषेचा एक वर्ग संगणकाच्या पडद्यावरून घेतला. गोंगाट होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांस आपापला आवाज बंद ठेवण्यास सांगितले. प्रत्येक तासाच्या अखेरीस "समजले ना?" असे विचारीत होतो, आणि शांतता हाच होकार मानीत होतो. सात आठवड्यांनी एका विद्यार्थ्याची वही टपालाने आली. आम्ही सांगितलेला शब्द न् शब्द त्याने उतरून घेतला होता, आणि मधून मधून मोकळी चौकट काढून आत लिहिले होते, "येथे काहीतरी दाखविले." त्याच्या गावी जोडणी इतकी क्षीण होती की चित्र बंद ठेवून तो केवळ ऐकत असे. आम्ही क्रियापदांचे तक्ते दाखवून "येथे पाहा, येथे पाहा" म्हणत होतो, आणि त्याच्यासमोर काळा पडदा होता. बोलला का नाहीस, असे आम्ही विचारल्यावर तो संकोचाने म्हणाला, "सर, आवाज बंद ठेवायला आपणच सांगितलं होतं." जगातील सर्वांत संवादी म्हणविले जाणारे यंत्र आमच्या हाती होते. त्याची परतीची वाट आम्हीच पहिल्या दिवशी बंद केली होती, आणि अखेर बातमी आली ती पिटमन यांच्या काळातील मार्गाने.

गेल्या काही वर्षांत आणखी एक नवल घडले आहे. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी संगणकयंत्रे सर्वांच्या हाती आली. मध्यरात्री, मोडक्यातोडक्या मराठीत विचारले तरी ती उत्तर देतात, कंटाळत नाहीत, हसत नाहीत. वर सांगितलेला दुसरा संवाद, ज्यात विद्यार्थी विचारतो, तो प्रथमच प्रत्येकास फुकटात मिळू लागला आहे. हे लहान यश नव्हे, आणि केवळ भीतीपोटी त्यास नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. वर्गात ज्या मुलीची विचारण्याची छाती होत नाही ती यंत्रास विचारते, हे आम्ही पाहिले आहे. उत्तरे कधी कधी चुकतात. तशी ती शिक्षकांचीही चुकतात.

आमची शंका वेगळी आहे. पुण्याच्या मंचाचा प्रश्न केंद्रात पोचला की त्याने पुढचा कार्यक्रम बदलत असे. निवेदकास कळे की अमुक गावी अमुक गोष्ट समजली नाही. यंत्रास विचारलेला प्रश्न उत्तर मिळताच संपतो. विद्यार्थ्याची अडचण दूर होते, पण ती होती हे शिक्षकास कधीच कळत नाही, आणि पुढील वर्षी तोच धडा त्याच दोषासह पुन्हा दिला जातो. शेजारी बसलेल्यासही कळत नाही की आपल्यासारखीच शंका दुसऱ्यास आहे. करिंथच्या मंडळीचे पत्र निदान पौलाने वाचले होते.

त्या वहीच्या प्रकारानंतर आम्ही आमच्या वर्गात एक साधी रीत ठेवली आहे. दूरचा असो वा जवळचा, प्रत्येक विद्यार्थी आठवड्यास एक प्रश्न लिहून पाठवितो, कागदावर, दूरध्वनीवर, जमेल तसा. यंत्रास विचारून उत्तर मिळाले असेल तरी प्रश्न पाठवावयाचाच. ते सर्व आम्ही एका जाड वहीत तारखेसह उतरवून ठेवतो, आणि पुढचा तास त्या पानावरून सुरू होतो. पहिल्या महिन्यात निम्म्याहून अधिक प्रश्न परीक्षेविषयी होते. हळूहळू ते बदलले. मागील आठवड्यात आदिलाबादकडून आलेला एक प्रश्न ईयोबाच्या मित्रांविषयी आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.